एका भाषेची हाक, दुसऱ्या भाषेची ओ

जबलपूर जिल्ह्यात मझौली नावाचे गाव आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी हा जिल्हा आणि विदर्भातील मराठी जिल्हे एकाच राज्यात मोडत असत. त्या वेळच्या मध्यप्रदेशाची राजधानी नागपूर होती, आणि १९५० च्या कायद्याने हिंदी व मराठी या दोन्ही भाषांना राजभाषेचे स्थान मिळाले होते. त्या काळी मझौलीच्या गावकऱ्यांनी शाळेसाठी नागपूरला एक अर्ज धाडला, अशी कल्पना करावी. अर्ज हिंदीत आहे आणि मुलांच्या ‘शिक्षा’ची सोय व्हावी, अशी त्यात विनंती आहे. हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण. तोच कागद केवळ मराठी जाणणाऱ्या कारकुनाच्या हाती पडला, तर मझौलीचे लोक आपल्या पोरांना दंड करण्याची व्यवस्था मागत आहेत, असे त्याला वाटेल. लिपी एकच, अक्षरे तीच, लेखनात एकही चूक नाही. आणि तरीही अर्थाचा अनर्थ झाला.

प्रत्यक्षात नागपूरच्या कचेरीत हिंदी जाणणाऱ्यांची वाण नव्हती. शिवाय माणूस संदर्भ पाहतो. शाळेच्या अर्जात कोणी दंड मागणार नाही, हे त्याला सांगावे लागत नाही. संगणकाला मात्र ही समज नसते. त्याच्या स्मृतीत केवळ शून्य आणि एक यांच्या ओळी असतात. त्या ओळींचा अर्थ कसा लावायचा, हे त्या वाचणारी आज्ञावली ठरवते. एका भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीने दुसऱ्या भाषेत लिहिलेल्या आज्ञावलीकडे काम सोपविले, म्हणजे मझौलीचा कागद नागपूरला पोहोचल्यासारखेच होते. अक्षरे सुखरूप पोहोचतात. अर्थ पोहोचेलच, अशी शाश्वती नसते.

संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषा पुष्कळ आहेत. आय. बी. एम. या कंपनीत जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये फोर्ट्रान ही भाषा प्रचारात आणली. तिचा हेतू गणिती सूत्रे सहज लिहिता यावीत, हा होता. १९७० च्या दशकाच्या आरंभी बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी सी ही भाषा घडविली. ती यंत्राच्या अंतरंगाशी जवळीक ठेवते. गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेली पायथन ही भाषा लिहिण्यावाचण्यास सोपी आहे, परंतु तिच्यात लिहिलेली मोठी आकडेमोड संथ चालते. प्रत्येक भाषेचे एक बलस्थान आहे आणि एक उणीवही आहे. मग एकाच भाषेत सारे काम पुन्हा लिहून का काढू नये, असा प्रश्न साहजिकच पडतो.

त्याचे उत्तर पुणे जिल्ह्यात पाहावयास मिळते. नारायणगावाजवळ खोडद येथे महाकाय मीटरलहरी रेडिओ दुर्बीण उभी आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती बांधली गेली आणि २००१ मध्ये राष्ट्राला अर्पण झाली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या आहेत. एकेक तबकडी एकटी फारसे सांगत नाही. दोन-दोन तबकड्यांनी टिपलेल्या लहरींची सांगड घालावी लागते. तीस तबकड्यांच्या अशा ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडीची मोजणी क्षणाक्षणाला साठत जाते, आणि त्या साठ्यातून आकाशाचे चित्र गणिताने बाहेर काढावे लागते. दुर्बीण पाहते असे म्हणण्यापेक्षा संगणक पाहतो, असे म्हणणे अधिक यथार्थ होय.

हे गणित करणारी एक मोठी आज्ञावली अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलवेधशाळेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस लिहिण्यास आरंभ झाला. तिचे नाव एप्स. तिची भाषा फोर्ट्रान. कित्येक दशके खगोलशास्त्रज्ञांनी तिच्यातील दोष हुडकले, ते दुरुस्त केले आणि नव्या युक्त्या तिच्यात घातल्या. अशी आज्ञावली म्हणजे अनुभवाची पेवेच असतात. ती उपसून दुसऱ्या भाषेत भरावयाची म्हटली, तर वर्षांचे श्रम लागतील. आणि भरताना जुने, एकदा निपटलेले दोष पुन्हा शिरणार नाहीत, याची हमी कोण देणार? तेव्हा जुने काम जेथे आहे तेथेच राहू द्यावे आणि नव्या भाषेतून त्याला हाक मारावी, हाच शहाणपणाचा मार्ग ठरतो.

ही हाक म्हणजे नेमके काय, हे पाहिले पाहिजे. केंब्रिज विद्यापीठातील एड्सॅक हा संगणक १९४९ मध्ये सुरू झाला. तेथील तरुण संशोधक डेव्हिड व्हीलर यांच्यापुढे एक अडचण होती. वर्गमूळ काढण्यासारखे काम आज्ञावलीत दहा ठिकाणी लागते; ते दहा वेळा लिहिण्याऐवजी एकदाच लिहून ठेवावे आणि हवे तेव्हा तेथे जाऊन यावे, असे त्यांना वाटले. जाणे सोपे असते. परत कोठे यावयाचे, हे लक्षात ठेवणे अवघड. जाताना परतीचा पत्ता बरोबर देण्याची रीत त्यांनी काढली. आजही प्रत्येक हाकेच्या पोटात हेच असते: परतीचा पत्ता ठेवावयाचा, कामाला लागणारे आकडे ठरलेल्या जागी मांडावयाचे, उडी घ्यावयाची, आणि परत आल्यावर उत्तर ठरलेल्या जागेवरून उचलावयाचे.

या वर्णनातील ‘ठरलेल्या’ या शब्दावर सारे अवलंबून आहे. फोर्ट्रान असो वा सी, कंपायलर, म्हणजे भाषांतर करणारी आज्ञावली, अखेर दोहोंचेही यंत्राच्या एकाच भाषेत रूपांतर करते. त्यामुळे एकीला दुसरीकडे उडी घेता येते, यात नवल नाही. परंतु आकडे कोठे मांडावयाचे आणि कसे मांडावयाचे, याचे संकेत प्रत्येक घराण्यात निराळे असतात.

अगदी नावापासूनच भेद सुरू होतो. फोर्ट्रान लहान व मोठ्या रोमन अक्षरांत फरक मानीत नाही. तिचे अनेक कंपायलर प्रत्येक नाव लहान अक्षरांत लिहून त्याच्या शेवटी एक अधोरेखा जोडतात. सी मध्ये नाव जसेच्या तसे राहते. शेपूट न लावता हाक मारली, तर ओ देणारा सापडत नाही. ही चूक निरुपद्रवी म्हणावी लागेल, कारण ती लगेच उघडकीस येते आणि आज्ञावली सुरूच होत नाही. भय असते ते आरडाओरडा न करणाऱ्या चुकांचे.

सी भाषा साधारणतः आकडा स्वतःच पाठविते. फोर्ट्रानची परंपरा आकड्याचा पत्ता पाठविण्याची आहे. एकीने पाच हा आकडा पाठविला आणि दुसरीने त्याला पत्ता मानले, तर ती स्मृतीतील पाचव्या घराचे दार ठोठावील. आकड्याचे मापही सारखे नसते. मुंबईचा मण २८ पौंडांचा होता आणि बंगालचा ८२ पौंडांहून अधिक. दोन्ही ठिकाणी शब्द मात्र ‘मण’च. सी भाषेतील ‘लाँग’ नावाच्या पूर्णांकाची तीच गत आहे. ६४ अंकी लिनक्स यंत्रणेवर तो ६४ अंक व्यापतो, विंडोजवर ३२. एकाने मोठ्या मापाने घातले आणि दुसऱ्याने लहान मापाने मोजले, तर हिशेब जुळणार कसा?

कोष्टकांची गोष्ट तर विशेष पाहण्याजोगी आहे. दोन ओळींचे एक कोष्टक घ्यावे. पहिल्या ओळीत १, २, ३ आणि दुसऱ्या ओळीत ४, ५, ६. संगणकाची स्मृती ही एकच लांब रांग असल्याने कोष्टक तेथे उलगडून ठेवावे लागते. सी भाषा आडव्या ओळींनी चालते आणि १, २, ३, ४, ५, ६ असे ठेवते. फोर्ट्रान उभ्या स्तंभांनी चालते आणि १, ४, २, ५, ३, ६ असे ठेवते. फोर्ट्रानने ठेवलेली रांग सी च्या रीतीने वाचली, म्हणजे पहिली ओळ १, ४, २ आणि दुसरी ५, ३, ६ अशी होते. सहाही आकडे हजर आहेत. एकही हरवला नाही, एकही बदलला नाही. केवळ त्यांच्या जागा चुकल्या, आणि म्हणून उत्तर चुकले. कोष्टक चौरस असेल तर ओळींचे स्तंभ व स्तंभांच्या ओळी होतात. ते चित्र असेल तर कर्णाभोवती उलटते. आकाशाच्या चित्रात अशी उलथापालथ झाली, तर नकाशाशी ताडून पाहिल्यावाचून ती ध्यानात येणे कठीण.

अक्षरांच्या ओळीचा शेवट कोठे होतो, याबाबतही असाच मतभेद आहे, आणि त्याची एक कथा अलीकडची आहे. सी भाषा शब्द संपला हे सांगण्यासाठी शेवटी एक शून्य ठेवते. फोर्ट्रान शून्य ठेवीत नाही. तिचे कंपायलर शब्दाची लांबी एका निराळ्या, लिहिणाऱ्याला न दिसणाऱ्या चिठ्ठीवर पाठवितात. आता रेषीय बीजगणिताची लॅपॅक ही आज्ञावलींची पेढी १९९२ पासून जगभर वापरात आहे आणि ती फोर्ट्रानमध्ये लिहिलेली आहे. तिच्यातील अनेक कामांना एकाक्षरी सूचना द्यावी लागते. उदाहरणार्थ, कोष्टकाचा वरचा त्रिकोण घ्यावा की खालचा. सी मधून हाक मारणाऱ्या पुष्कळांनी विचार केला की, अक्षर एकच आहे, त्याची लांबी कोण विचारतो? त्यांनी ती अदृश्य चिठ्ठी पाठविलीच नाही. आणि खरोखरच, कोणी विचारले नाही. कित्येक दशके सारे सुरळीत चालले.

२०१९ मध्ये जी. सी. सी. या कंपायलर-संचातील फोर्ट्रान कंपायलरच्या एका काटकसरीने ही गफलत उघडी पाडली. लॅपॅकमधील एखादे काम आपल्या शेवटी दुसऱ्या कामाला हाक मारीत असे. अशा वेळी नवी जागा न घेता, आपल्याला आलेल्या चिठ्ठ्यांच्याच जागेवर पुढच्या कामाच्या चिठ्ठ्या लिहाव्यात, असे कंपायलरने ठरविले. नियमाप्रमाणे लांबीच्या चिठ्ठीची जागा तेथे असावयास हवी होती, म्हणून त्याने तेथेही लिहिले. परंतु हाक मारणाऱ्याने ती चिठ्ठी ठेवलीच नव्हती. त्या जागेवर त्याचे स्वतःचे सामान होते. ते पुसले गेले. संख्याशास्त्रात सर्वत्र वापरली जाणारी आर ही यंत्रणा लॅपॅकवर विसंबून आहे. तिच्यासाठी लिहिलेल्या काही आज्ञावली अचानक कोसळू लागल्या. दोष कोणाचा, यावर वाद झाला. नियमाने पाहता हाक मारणारे चुकले होते. पण ज्या रीतीने इतकी वर्षे इतक्या लोकांचे काम निभावले, तिला केवळ चूक म्हणून झिडकारणे व्यवहारात शक्य नव्हते. अखेर कंपायलर लिहिणाऱ्यांनी काटकसर आवरण्याची सोय केली, आणि आर च्या कर्त्यांनी आपल्या आज्ञावलीत लांबीची चिठ्ठी रीतसर पाठविण्याची व्यवस्था केली. वस्तुतः फोर्ट्रानच्या २००३ च्या प्रमाणग्रंथात सी भाषेशी व्यवहार करण्याचे नियम लेखी नमूद झाले होते. लॅपॅकचे बहुतेक काम त्याआधीचे.

संकेत जुळले तरी दोन गोष्टी उरतात. पहिली म्हणजे सीमा ओलांडण्याचा खर्च. पायथनमधील साधा पूर्णांकही एका वेष्टनात गुंडाळलेला असतो. सी कडे पाठविताना वेष्टन सोडावे लागते आणि उत्तर परत आणताना पुन्हा गुंडाळावे लागते. एकेक आकडा घेऊन लाख वेळा नाका ओलांडला, तर नाक्यावरच दिवस मावळतो. म्हणून शहाणे लोक संपूर्ण कोष्टक एकदाच सोपवितात, आणि तेही नक्कल करून नव्हे, तर कोष्टक कोठे ठेवले आहे त्याचा पत्ता देऊन. पायथनमधील नमपाय हा संच याच युक्तीवर चालतो. वापरणारा पायथनमध्ये एक ओळ लिहितो, आणि समीकरणे सोडविण्याचे काम पडद्यामागे सी आणि लॅपॅक उरकतात.

दुसरी गोष्ट मालकीची. शेजाऱ्याकडून लग्नकार्याला पातेली आणली, तर ती घासून परत कोणी करावयाची, हे आधीच ठरलेले बरे. सी भाषेत स्मृतीतील जागा मागून घ्यावी लागते आणि काम संपताच आठवणीने परत करावी लागते. पायथन एखाद्या वस्तूकडे किती जण बोट दाखवीत आहेत, याची मोजदाद ठेवते आणि ती शून्यावर आली की जागा आपणच मोकळी करते. सी कडे दिलेल्या कोष्टकाची नोंद पायथनच्या मोजदादीत राहिली नाही, तर सी ते वापरीत असतानाच पायथन ते काढून घेईल. उलट दोघांनीही ‘दुसरा परत करील’ असे मानले, तर जागा अडून राहते आणि संगणकाची स्मृती हळूहळू भरत जाते. असे दोष शोधणे अत्यंत कष्टाचे असते, कारण ते ज्या ठिकाणी घडतात त्या ठिकाणी दिसत नाहीत.

आता पुन्हा खोडदच्या दुर्बिणीकडे वळावे. एप्सला पायथनमधून हाक मारता यावी, यासाठी हॉलंडमधील ड्विंगेलो येथील संस्थेत पार्सलटंग नावाचा दुवा तयार झाला; त्याचे वर्णन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. नाव गमतीचे आहे: हॅरी पॉटरच्या कथांतील सापांची बोली ती हीच, आणि पायथन म्हणजे अजगर. या दुव्याने दोन निराळे मार्ग योजले आहेत. एप्समधील मोठी कामे तो स्वतंत्र आज्ञावली म्हणून सुरू करतो आणि त्यांना लागणाऱ्या सूचना एका ठराविक संचिकेत लिहून देतो. हा टपालाचा मार्ग झाला. संथ, पण एकाची पडझड झाली तरी दुसरा उभा राहतो. मोजणीच्या साठ्यातील आकडे थेट वाचावयाचे असतील, तेव्हा मात्र बिल कॉटन यांनी सी भाषेत रचलेल्या ओबिट या संचातून तो समोरासमोर व्यवहार करतो.

सीमेवर काय काय सांभाळावे लागते, हे या दुव्यातील एका लहानशा तडजोडीवरून कळते. फोर्ट्रान यादीतील पहिल्या वस्तूला एक म्हणते. पायथन तिला शून्य म्हणते. एप्सचे सारे मार्गदर्शन, सर्वांच्या टिपणवह्या, तज्ज्ञांच्या सवयी, सर्व काही एकपासून मोजणारे. पार्सलटंगच्या कर्त्यांनी यादीतील शून्य क्रमांकाची जागा रिकामी सोडली आणि मोजणी एकपासून सुरू केली. पायथनच्या जाणकाराला ते खटकते. पण त्यामुळे एप्सच्या वहीतील तिसरा आकडा दुव्यातही तिसराच राहिला, आणि हजारो चुका जन्मापूर्वीच टळल्या.

याच दुव्यावर ह्यूब इंटेमा यांनी स्पॅम ही कार्यपद्धती उभारली. दोन मीटर लांबीच्या रेडिओ लहरी पृथ्वीभोवतीच्या आयनांच्या थरातून येताना वाकतात, आणि चित्र पाण्याखालील गोट्यांसारखे हेलकावते. तो दोष काढणे हे स्पॅमचे मुख्य काम. त्यासाठी लागणारा नवा विचार पायथनमध्ये लिहिला गेला, आणि जुने भरवशाचे गणित एप्सच्या फोर्ट्रानकडेच राहिले. खोडदच्या दुर्बिणीने २०१० ते २०१२ या काळात १५० मेगाहर्ट्झवर सर्व आकाशाची पाहणी केली होती. पाच हजारांहून अधिक दिशांच्या त्या मोजण्या एकेक करून माणसाने हाताळावयाच्या म्हटल्या, तर आयुष्य पुरले नसते. इंटेमा आणि त्यांचे सहकारी प्रेशांत जगन्नाथन, कुणाल मुळे व डेल फ्रेल यांनी स्पॅमच्या साह्याने त्या सर्व साठ्यावर नव्याने संस्कार केले आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आकाशाचा सुमारे ९० टक्के भाग त्यात आला असून सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोतांची नोंद झाली आहे. मझौलीच्या माथ्यावरून रोज जाणारे आकाशही त्या नकाशात आहे.

या सर्व संकेतांच्या पलीकडे अर्थाचा एक थर उरतो, आणि तो कोणताही कंपायलर तपासीत नाही. मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी अमेरिकेने पाठविलेले यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी नष्ट झाले. पृथ्वीवरील एक आज्ञावली यानाच्या लहान धक्क्यांचे मापन पौंड-सेकंदांत लिहीत होती. ते वाचणारी दुसरी आज्ञावली त्यांना न्यूटन-सेकंद समजत होती. दोन मापांत साडेचार पटींच्या आसपास अंतर आहे. संचिका बिनचूक वाचली जात होती, प्रत्येक अंक जागच्या जागी होता, आणि यान मंगळाच्या वातावरणात ठरल्यापेक्षा कितीतरी खाली शिरले.

एप्सनंतर अमेरिकेच्या त्याच वेधशाळेच्या पुढाकाराने कासा ही नवी यंत्रणा घडली. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील रुता काळे व ईश्वरचंद्र यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेली कॅप्चर ही कार्यपद्धती कासावरच उभी आहे, आणि खोडदच्या सुधारित दुर्बिणीच्या मोजण्या तिच्यातून चित्ररूप घेतात. कासाचा दर्शनी भाग पायथनचा आहे आणि अंतर्भाग सी प्लस प्लस या भाषेचा. त्याच्याही पोटात, मोजण्यांची जाळीवर मांडणी करणाऱ्या कामात, फोर्ट्रानचे काही जुने भाग कायम ठेवलेले आहेत.